चार्ली हेडनचं ट्रिब्यूट, ऐन ऑगस्टात

बासिस्टचं ट्रिब्यूट करतेय असं सांगितलं की ओळखीतल्या म्युझिशियन लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, जाकोचं का? बास गिटारवाला जाको पास्टोरियस मलाही खूप आवडतो, पण नाही, मला चार्ली हेडनचं, म्हणजे जॅझमध्ये डबल बास (उभं धरायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) वाजवणाऱ्या माणसाचं करायचं होतं आणि ते कित्येक वर्षं डोक्यात होतं. हेडनचं नाव घेतलं की समोरचा जरा विचारात पडतो, मग आपण सांगायचं की अरे तो सॅक्सवाल्या ऑर्नेट कोलमनचा बास, पियानोवाल्या कीथ जॅरेटच्या अमेरिकन क्वार्टेटचा बास, गिटारवाल्या पॅट मेथेनीबरोबरची ती ‘बियाँड द मिझुरी स्काय’ वाली सीडी आठव, की लगेच हां हां, तो! म्हणजे ऐकलेलं सगळ्यांनी असतं, आवाज कानात बसलेला असतो, नाव बसलेलं नसतं. ह्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं गाणं खालून उचलून धरलं, तर एक संध्याकाळ आपण त्याचं गाणं मध्यभागी ठेवू या, एवढंच मला करायचं होतं. पुण्यात, तिकीट लावून, बसून ऐकणाऱ्या लोकांसमोर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हेडनचा जन्म ६ ऑगस्ट १९३७ चा, अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शेनँडोआ नावाच्या गावचा. घरातली सगळी मंडळी मिळून कंट्री म्युझिकचा रेडिओ शो करायची आणि हा दोन वर्षांचा होण्याच्या आसपासच त्या शोमध्ये गायला लागला, काऊबॉय चार्ली म्हणून. पंधराव्या वर्षी पोलिओ झाला, तो गळ्याच्या आणि चेहऱ्याच्या स्नायूंवर गेला, आणि गाणं थांबलं. मोठा भाऊ बास वाजवायचा, त्याचा बास घरात होताच, तो ह्याने धरला. मला हेडनचा बास ऐकताना हे सतत जाणवतं, की हा गाणाऱ्याचा हात आहे. बोटांना किती येतं ते तो कधी दाखवत नाही, श्वास घेऊन म्हणावं तशी ओळ म्हणतो, आणि पुढची म्हणायच्या आधी थांबतो. पुढे तो लॉस एंजेलिसला गेला, तिथे ऑर्नेट कोलमन भेटला, आणि १९५९ मध्ये ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ रेकॉर्ड झाली, त्यावेळी हेडन एकवीस वर्षांचा होता.

तारीख त्याच्या वाढदिवसाची धरायची हे माझ्या मनात पक्कं होतं, आणि ऑगस्ट म्हणजे पुण्यात पाऊस. माझ्या मैत्रिणीने तेव्हाच सांगितलं होतं की डिसेंबर धर, सवाईच्या दिवसांत लोक ऐकायच्या मूडमध्ये असतात, हवा चांगली असते, वाद्यं सुरात राहतात. तिचं सगळं बरोबर होतं. पण वाढदिवसाला करायचं ह्यात एक मजा असते, ती मला सोडवेना.

जागा शोधण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. पुण्यात जॅझ ऐकायला मिळतं ते बहुतेक कॅफेत किंवा बारमध्ये, आणि तिथे लाइव्ह म्युझिकला जागा दिली जाते ह्याबद्दल मला खरंच आदर आहे, त्या लोकांमुळेच शहरात हे संगीत टिकून आहे. पण हेडनची एक ओळ चालू आहे आणि मागे मिक्सर लागला, कोणी बिल मागितलं, एसीचा कॉम्प्रेसर घुं करून सुरू झाला, तर नेमकी बासच्याच पट्टीतली जागा खाल्ली जाते. कॉम्प्रेसरची घरघर आणि बासचा खालचा ई सूर एकमेकांत मिसळतात, आणि मग साउंडवाला बास वाढवतो, मग ड्रमर जोरात वाजवतो, मग पियानो वाढवावा लागतो, आणि दुसऱ्या ट्यूनपर्यंत सगळा बँड ओरडायला लागतो. हेडनला स्वतःला टिनिटसचा आणि आवाज सहन न होण्याचा त्रास होता, कान सतत वाजायचे, स्टेजवर तो कानात बोळे घालायचा, ड्रमच्या आणि आपल्या मध्ये पारदर्शक पार्टिशन लावून घ्यायचा. अशा माणसाचं ट्रिब्यूट मोठ्या आवाजात करणं मला पटणारं नव्हतं.

शेवटी मिळाला तो एका नृत्यवर्गाचा हॉल. साधारण ऐंशी खुर्च्या बसतात, छत स्लॅबचं (पत्र्याचं असतं तर ऑगस्टात विषयच संपला होता), एसी नाही, पंखे आहेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली लाकडी फ्लोअर. डबल बास ज्या खिळ्यावर उभा असतो त्या खिळ्यातून त्याचा आवाज जमिनीत उतरतो, जमीन लाकडाची असेल तर ती पण थोडी वाजते, पुढच्या दोन रांगांना तो पायाला कळतो. आमच्या बासवाल्याने आल्या आल्या फक्त एक ए सूर वाजवला, आणि मान डोलावली. तेवढ्याने माझा जीव भांड्यात पडला.

बासवाला मुंबईचा. आपल्याकडे बास गिटार वाजवणारे भरपूर आहेत आणि उत्तम आहेत, पण उभा बास घेऊन जॅझ वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. जे आहेत त्यातले काही ऑर्केस्ट्राकडून आलेले, बो, म्हणजे गज धरून शिकलेले, आणि मला तसाच कोणीतरी हवा होता, कारण हेडनच्या ट्यूनमध्ये लांब सूर धरायची सवय लागते. बास मुंबईहून पुण्याला आणायचा म्हणजे गाडीच्या मागच्या सगळ्या सीट आडव्या करायच्या, आणि मग वाजवणाऱ्याने पुढे बसायचं, बाकी बँडने दुसऱ्या गाडीने यायचं. आम्ही त्याला आदल्या दिवशीच बोलावून घेतलं आणि बास रात्रभर हॉलमध्येच उभा ठेवला, कारण एसी गाडीतून काढून थेट पावसाळी हवेत वाजवायला घेतला तर लाकूड आणि तारा दोन्ही तासाभरात इकडच्या तिकडे होतात. हेडन आतड्याच्या तारा वापरायचा, गट स्ट्रिंग्ज. त्याच्या आवाजात जो गोलावा आहे, सूर लागतो तेव्हा थोडी माती असल्यासारखी लागते, त्यात त्या तारांचा मोठा हात आहे, आणि अर्थात त्याच्या वियोमच्या वर्कशॉपमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या बासचाही. पण आतड्याची तार हवेतलं पाणी पिते आणि सुरातून सरकते, ऑगस्टात ते अशक्यच. तेव्हा गटसारखा आवाज देणाऱ्या सिंथेटिक तारा लावल्या, पिकअप (वाद्याचा कंप पकडून आवाज वाढवणारं उपकरण) अगदी कमी ठेवला आणि ब्रिजजवळ एक छोटा माइक फोममध्ये गुंडाळून बसवला. हॉलमध्ये जे ऐकू आलं ते जवळजवळ नुसतं लाकूडच होतं.

पियानो भाड्याने आणला, खराखुरा, डिजिटल नाही. सगळ्या बजेटमधला सगळ्यात मोठा आकडा तोच, आणि ट्यूनर सकाळी एकदा आणि साउंडचेकच्या आधी एकदा असा बोलवावा लागला. परवानग्या, आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) लायसन्स, रात्री दहाच्या आत सगळं बंद, हे सगळं करावं लागतं आणि वेळेत अर्ज केले तर होतं, त्याबद्दल फार लिहीत नाही.

आता सेटलिस्ट. इथे आमची खूप चर्चा झाली, आणि रिहर्सलमध्ये ती झाली तेच बरं झालं. आमचा बासवाला तरुण आहे, हात अफाट आहे, तर त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, की ताई, ट्रिब्यूट बासिस्टचं आहे, लोक बास ऐकायला येणार, मग प्रत्येक ट्यूनमध्ये मी सोलो घ्यायचा ना? मी म्हटलं तू ‘लोनली वुमन’ ची रेकॉर्डिंग लाव आणि हेडन काय करतोय तेवढंच ऐक. ती ट्यून ऑर्नेटची, पियानो नाही, ड्रमर बिली हिगिन्स सिंबलवर जोरात पळतोय, वर सॅक्स आणि कॉर्नेट (ट्रम्पेटचाच छोटा प्रकार) अगदी संथ, रडल्यासारखी ओळ म्हणतायत, आणि हेडन दोन तारा एकदम वाजवतोय, एक तार एकाच सुरावर धरलेली आणि दुसरी हलतेय. तानपुरा आणि गाणं दोन्ही एकाच माणसाने करावं तसं. तो पळणाऱ्यांबरोबर पळत नाही आणि थांबणाऱ्यांबरोबर थांबत नाही, दोघांना धरून ठेवतो. आपल्याकडच्या कोणत्याही गाणं ऐकणाऱ्या माणसाला हे एका मिनिटात कळतं, त्यासाठी जॅझ कळायची गरजच नाही. दुसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, ह्यात सोलो घालायला जागाच नाहीये. मग आम्ही ठरवलं, की सोलो फक्त जिथे हेडन घ्यायचा तिथे.

पहिला भाग म्हणून नुसते दुएट ठेवले. हेडनला दोघांत वाजवायला फार आवडायचं, ‘क्लोजनेस’ ही १९७६ ची अख्खी रेकॉर्ड दुएटची आहे, मग पियानोवाल्या हँक जोन्सबरोबरची भजनं आणि स्पिरिच्युअल्स (आफ्रिकन-अमेरिकन भक्तिगीतं), पियानोवाल्याच केनी बॅरनबरोबरची, शेवटी शेवटी जॅरेटच्या घरी बसून केलेली. म्हणून आधी बास आणि पियानो, मग बास आणि गिटार, मग बास आणि ट्रम्पेट, आणि मध्यंतरानंतर सगळे. ‘फर्स्ट साँग’ पियानोबरोबर घेतलं. ही त्याने बायकोसाठी, रूथसाठी लिहिलेली ट्यून. सॅक्सवाल्या स्टॅन गेट्झने मार्च १९९१ मध्ये कोपनहेगनला केनी बॅरनबरोबर ती वाजवलीय, त्यानंतर तीन महिन्यांत गेट्झ गेला, ते रेकॉर्डिंग ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी कृपया आज रात्रीच ऐका. गिटारबरोबर ‘अवर स्पॅनिश लव्ह साँग’. आणि ट्रम्पेटबरोबर ‘सायलेन्स’.

‘सायलेन्स’ कागदावर बघितली तर दोन मिनिटांत कोणीही वाजवेल असं वाटतं. थोडेसेच कॉर्ड, एकेक खूप वेळ धरलेला, प्रार्थनेसारखी चाल, पुन्हा पुन्हा तीच. रिहर्सलला सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर गेला. कारण ह्यात काहीच करायचं नसतं, आणि चांगल्या म्युझिशियनला काहीच न करणं फार जड जातं, हात कुठेतरी एखादी सजावट घालतोच. आमचा ट्रम्पेटवाला गोव्याचा, वयाने आम्हा सगळ्यांत मोठा, लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेला. मुंबईतल्या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांमध्ये ज्या गोवेकर वादकांनी पिढ्यानपिढ्या वाजवलं, ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटपासून पुढे, त्या परंपरेतला माणूस. त्याने एकदाच सांगितलं, की हे हिम, म्हणजे चर्चमधलं प्रार्थनागीत समजून वाजवा, कोरसमधल्या सगळ्यात मागच्या माणसासारखं, आणि मग ट्यून बसली.

दुसऱ्या भागात ऑर्नेटची ‘रँब्लिन’ होती, ज्यात हेडनने सोलोमध्ये चक्क घरच्या रेडिओवरचं जुनं ‘ओल्ड जो क्लार्क’ घुसवलंय. १९५९ साली, जगातल्या सगळ्यात पुढारलेल्या जॅझ बँडमध्ये उभं राहून, आपल्या गावचं गाणं! मला ही गोष्ट त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आवडते. त्याने पुढे जाण्यासाठी मागचं काही टाकून दिलं नाही.

आणि मग ‘साँग फॉर चे’. क्रांतिकारक चे गेव्हारासाठी हेडनने लिहिलेली ही ट्यून घ्यायचीच होती आणि हिच्याआधी मी दोन मिनिटं बोलणार हे पण ठरलेलं होतं, बाकी पूर्ण कार्यक्रमात निवेदन नाही. गोष्ट अशी. नोव्हेंबर १९७१, ऑर्नेटचा क्वार्टेट पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळ कश्काइशच्या जॅझ फेस्टिव्हलला. तिथे तेव्हा हुकूमशाही, आणि आफ्रिकेत मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊमध्ये पोर्तुगीज सैन्य स्वातंत्र्य मागणाऱ्यांशी लढतंय. हेडनने हजारो लोकांसमोर माइकवर सांगितलं की ही ट्यून मी त्या देशांमधल्या काळ्या लोकांच्या मुक्तिलढ्यांना अर्पण करतो. दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर त्याला गुप्त पोलिसांनी उचललं, कोठडीत ठेवून चौकशी केली, अमेरिकन वकिलातीने मध्ये पडून सोडवलं. त्याआधी अमेरिकेतही त्याने राजकारण काही लपवलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्राची पहिली रेकॉर्ड १९६९ मध्ये केलेली होती, स्पेनच्या यादवी युद्धातली गाणी घेऊन. पण पोर्तुगालमध्ये उभं राहून हे म्हणणं वेगळं.

आणि ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. त्याच राजवटीने, त्याच पोलिसांनी गोव्याच्या लढ्यातली माणसं पकडून तिकडे नेली होती. आपले मोहन रानडे, १९५५ मध्ये पकडले गेले, १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच, सुटले थेट जानेवारी १९६९ मध्ये. आणि त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून वर्षानुवर्षं पाठपुरावा कोणी केला, तर बाबूजींनी, सुधीर फडक्यांनी. म्हणजे रानडे तिथून सुटून तीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा हेडन त्याच यंत्रणेच्या हातात सापडला. एक मराठी संगीतकार एका कैद्याला सोडवायला धडपडतोय, एक अमेरिकन संगीतकार त्याच सरकारच्या दारात जाऊन बोलतोय, दोघांना एकमेकांचं नावही माहीत नसणार. हे मी पहिल्यांदा जोडून बघितलं तेव्हापासून मला वाटत होतं की हेडनचं ट्रिब्यूट महाराष्ट्रात व्हायलाच हवं.

रिहर्सलला हे सांगितलं तेव्हा ट्रम्पेटवाले काका काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त ट्यून परत पहिल्यापासून घ्यायला सांगितली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून धो धो पाऊस होता आणि मला भीती होती की लोक येणारच नाहीत. आले, भिजत आले, छत्र्यांसाठी बाहेर बादल्या ठेवल्या होत्या त्या भरल्या. तिकीट ५०० ठेवलं होतं, विद्यार्थ्यांना २००. म्युझिक शिकणारी पोरं बरीच होती, पण शास्त्रीय ऐकणारे वयस्कर लोकही होते आणि त्यांच्यामुळे हॉलचा रंगच बदलला. जॅझच्या गिगमध्ये सोलो संपला की टाळ्या वाजवायची पद्धत असते, ती ह्यांना माहीत नव्हती, ते सूर लागला की जागच्या जागी हळूच ‘वा’ म्हणायचे, ‘लोनली वुमन’ मध्ये बासने तो धरलेला सूर सोडून दुसऱ्यावर नेला तिथे तीन-चार जणांकडून एकदम आलं. बासवाल्याने डोळे उघडून बघितलं. नंतर तो मला म्हणाला की बास लाइनला दाद मिळालेली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, सोलोला मिळते, लाइनला नाही. त्या एका वाक्यासाठी मी हे सगळं पुन्हा करीन.

‘सायलेन्स’ च्या वेळी पावसाचा जोर वाढला होता आणि मी मागे उभी राहून मनातल्या मनात खिडक्या मोजत होते, पण तो आवाज त्या ट्यूनला लागला नाही, एकसारखा होता म्हणून असेल. ड्रमर त्या ट्यूनमध्ये नव्हता, तो स्टेजच्या बाजूला खाली मांडी घालून बसून ऐकत होता. ‘साँग फॉर चे’ बासने एकट्याने सुरू केली, खूप वेळ एकट्याने, हेडनच्या सोलोची नक्कल अजिबात न करता, आणि मला ते फार योग्य वाटलं. नक्कल करायची असती तर रेकॉर्ड लावली असती.

संपल्यावर एक आजोबा आले, म्हणाले, जॅझ वगैरे मला काही कळत नाही हो, नातवाबरोबर आलो होतो, पण तुम्ही रानड्यांचं सांगितलंत ते फार बरं केलंत, ते सुटले तेव्हा मी कॉलेजात होतो, पेपरात सगळं वाचायचो. मग विचारलं, तो खालचा सूर धरणारा मुलगा कोणाकडे शिकला? मी बासवाल्याला हाक मारली आणि दोघं बराच वेळ बोलत उभे होते, वाद्य बांधायचं बाजूलाच राहिलं.

पैशाचं विचाराल तर तिकिटांत पियानो, हॉल, साउंड आणि वादकांचं मानधन निघालं, आणि मानधन सगळ्यांना सारखं दिलं, ते मी आधीच सांगितलं होतं. ज्यांना असं काही करायचंय त्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की पोस्टर आणि लाइटवर कमी खर्च करा, पियानोच्या ट्यूनिंगवर आणि रिहर्सलच्या जागेवर जास्त करा. लोकांना ते ऐकू येतं.

पुढच्या ६ ऑगस्टला लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्राचं करायचंय. पहिल्या रेकॉर्डवर तेरा जण होते, अरेंजमेंट संगीतकार कार्ला ब्लेच्या, दोन ड्रमर, ट्युबा, फ्रेंच हॉर्न, ट्रॉम्बोन सगळं. ट्रॉम्बोन काका गोव्याहून आणतो म्हणालेत, दोन सॅक्स आणि क्लॅरिनेट मुंबईत मिळतील, गिटारवाला तर आत्तापासून तयार बसलाय. ट्युबा आणि फ्रेंच हॉर्न अडलेत. कोणाच्या ओळखीत पोलीस बँडमधून किंवा आर्मी बँडमधून रिटायर झालेले, नोटेशन वाचून वाजवणारे कोणी असतील तर मला नक्की कळवा. रिहर्सल फेब्रुवारीपासून, रविवारी सकाळी, त्याच लाकडी फ्लोअरच्या हॉलमध्ये.